वाकण

खोबरेल एकच. शमीमाच्या मामीच्या घरचं,
राजिवड्याहून स्कूटीच्या डिकीत आलेलं,
झाकणावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर रबर.

भट्टीच्या नळीत त्याची वाफ झाली
नि तांब्याच्या पत्र्यावर बसली:
एका अणूच्या जाडीची चादर, पसरट, निवांत,
ओहोटीनंतरच्या भाट्याच्या पुळणीसारखी.
निकेलच्या कणांवर तेच तेल
नळ्या होऊन उगवलं, केसाहून हजारपट बारीक.
तिसरं मात्र वीज गेली त्या दुपारचं.
शमीमानं पणती लावली,
वर काशाची वाटी उपडी धरली,
म्हणाली, मॅडम, हेपण कार्बनच ना?
तान्ह्याच्या डोळ्यांत घालतात ते काजळ,
आतून कांद्यासारखं,
पापुद्र्यावर पापुद्रा, मधेच फाटलेला.

वजन तिन्हींचं सारखं. द्रावण तेच, ऑक्सिजन तोच.
चादर सर्वांत देखणी;
तिच्यापाशी आलेख हललासुद्धा नाही.
नळ्या भिंतींनी गप्प, तोंडाशी थोड्या बोलल्या.
काजळानं मात्र रेघ अशी ओढून नेली
की मी तीनदा तारा तपासल्या.

चहाच्या वेळी शमीमा म्हणते,
त्यात काय एवढं? आमची होडी
सरळ कड्याला कुठं लागते? वाकणात लागते.
पुळणीवर लाट नुसती येते नि जाते.
कालवं धरतात ती कपारीला.

अठरा वर्षं शिकवतेय मी:
उत्प्रेरक म्हणजे जो बदल घडवतो
आणि स्वतः तसाच राहतो.
फळ्यावर दोन ओळी, खाली अधोरेखा,
परीक्षेत दोन गुण.

रात्री अकराला बाराशेवं आवर्तन संपलं.
काजळाचा आलेख उताराला लागलेला.
जिथं वाकलेलं, जिथं फाटलेलं,
नेमका तिथंच ऑक्सिजन त्यालाही खात होता.
चादर जशीच्या तशी.

मामी मिऱ्याच्या खडकांवर कालवं फोडते.
तिची कोयती पाहिलीय मी,
पातं झिजून झिजून बोटभर उरलंय.
दर ओहोटीला पाजवते, शमीमा म्हणाली,
नवी घेऊन दिली तर ती पितळेच्या डब्यात ठेवलीय,
धार बसत नाही म्हणे तिला.

मी वहीत तारीख घातली.
पुढचं वाक्य सुचेना.
शमीमा वाटी पुसत होती, बोटं काळी,
बाटलीत अजून पाऊण तेल.