पन्नास मिलिसेकंद

ब्रेस्टच्या बंदरावर धुकं बसलं की
एनोरा गोदीतून घरी येते,
सूप चढवते, लॅपटॉप उघडते.
ह्याचा पगार नाही.

आज कुताइसीहून फाइल आलीये.
कुणी मालखाझ लिहितो:
भावाचं लग्न. कुठल्याच प्लेअरवर चालत नव्हतं.
तुमच्यावर चालतं, पण
आवाज ओठांच्या मागे राहतो.

ती बघते. टेबलाशी उभा एक पोरगेला नवरदेव,
हातात शिंगाचा पेला.
ओठ मिटून होतात
आणि मग येतात शब्द,
डोंगर उतरून आल्यासारखे दमलेले.
जॉर्जियनमधलं तिला ओ की ठो कळत नाही.

कळ दाबते. पन्नास मिलिसेकंद.
पुन्हा. पुन्हा.
सूप उतू जातं.

चूक कॅमेऱ्याची होती,
तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली.
रात्री दोनला अकरा ओळी लिहून
ती जगात सोडून देते:
विंडोज, लिनक्स,
कुणाचा तडा गेलेला फोन.

दोन दिवसांनी उत्तर.
जुळलं. आईनं सतरा वेळा पाहिलं.
तो जाऊन सोळा वर्षं झाली.
तुमचं काय देणं लागतो?

एनोरा लिहिते, काही नाही.
खोडते.
विचारते, काय म्हणत होता तो?