टाकी ते टाकी

गाडीच्या कप्प्यात एक वही आहे,
पतसंस्थेनं दिवाळीला वाटलेली, कडा डिझेलनं पिवळट.
तारीख, मीटर, लिटर, रुपये.
शेवटचा रकाना: किती पडलं.
अक्षर माझं, पाय बंकटचा.

नवी होती तेव्हा चौदा द्यायची.
मग त्यानं तिला दोन इंच उचललं,
एकतीस इंची टायर घातले, मगरीच्या पाठीसारखे,
टपावर लोखंडी जाळी, जाळीवर रिकामा कॅन,
पुढे विंच,
आणि काचेशेजारून वर गेलेली काळी सोंड,
छातीभर पाण्यातून जायची वेळ आली
तर गाडीला श्वास घेता यावा म्हणून.
शहागडच्या पुलावरून मी खाली बघते.
गोदावरीत म्हशी गुडघ्यापर्यंतच भिजल्यात.
मी काही बोलत नाही. वहीत लिहिते:
नऊ पूर्णांक सात.

त्याचं म्हणणं, बियाण्याचे प्लॉट पाणंदीत असतात.
खरंय. पाणंद तीन किलोमीटर.
तिथवर जायला दीडशे किलोमीटर डांबर,
आणि डांबरावर हे टायर असे घुमतात
की पिठाची गिरणी मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटतं.
साठच्या पुढे आम्ही बोलत नाही.
ऐंशीच्या पुढे तो जात नाही, हा करार,
अंबाजोगाईला, माझ्या वडिलांसमोर झालेला.

वारा समोरून असला की आकडा आधीच कळतो.
मांजरसुंब्याच्या माळावर पवनचक्क्यांनी
कुठे तोंड केलंय ते बघायचं, आणि सांगायचं.
मी नऊ म्हटलं की नऊच भरतं.
बंकट म्हणतो, तुझी जीभ काळी.

विंच एकदाच कामी आली.
गेवराईच्या अलीकडे सरकीचा टेम्पो कलंडला होता.
तार ताणली, टेम्पो कण्हत वर आला,
ड्रायव्हरनं दोन पेरू दिले.
त्या टाकीला आठ पूर्णांक एक.
रकान्याशेजारी मी लिहिलंय: पेरू.

परवा बोलायला काही नव्हतं म्हणून दगड मोजले.
'बीड ६०' ला मीटर बघितलं, 'बीड १०' ला परत बघितलं.
दगड म्हणाले पन्नास.
मीटर म्हणालं साडेशेहेचाळीस.
मी कॅशियर आहे. साडेतीन किलोमीटर असे
सहजासहजी गहाळ होऊ देत नाही.

खाजाभाई गाडीखाली होते, तिथूनच बोलले,
"वहिनी, टायर मोठा झाला की फेरे कमी होतात.
मीटर बिचारं चाकाचे फेरे मोजतं,
रस्ता नाही मोजत."

त्या रात्री लाल पेन घेऊन बसले.
पाच वर्षांचे सगळे आकडे, शेकडा साडेसात वाढवून.
नऊ पूर्णांक सातचे दहा पूर्णांक चार झाले.
म्हणजे गाडी इतकी खादाड नव्हती,
मीच तिच्या ताटाला नजर लावून होते.
साठ हजारांत साडेचार हजार निघाले,
जालना ते अंबाजोगाई, जाऊन-येऊन, अकरा वेळा,
मीटरला ठाऊक नसलेलं माहेर.

बंकट खूश झाला. चहा त्यानं केला.
कप अर्धा झाल्यावर मी म्हटलं,
"मग ऐंशी म्हणजे शहाऐंशी."

तो बराच वेळ कपात बघत राहिला.
"दादांना सांगू नकोस."

या रविवारी काटा चौऱ्याहत्तरवर.
उसाचे ट्रॅक्टर सोडले तर सगळे आम्हाला मागे टाकून जातात,
एक शाळेची बससुद्धा.
मागच्या काचेतून पोरं सोंडेकडे बोट दाखवून हसतात.
जाळी त्यानं शनिवारीच उतरवली, मला न सांगता.
गिरणीचा आवाजही जरा खाली आलाय,
मी काहीतरी विचारते, तो काहीतरी सांगतो,
सोयाबीनच्या उगवणीबद्दल, मग त्याच्या दाढेबद्दल.

केजच्या पंपावर टाकी फुल केली.
दगडांच्या हिशोबानं अकरा पूर्णांक दोन.
तो वहीत डोकावून म्हणाला, "आणि वारा कुठला होता?"

पवनचक्क्यांकडे बघायचं राहूनच गेलं होतं.