खिळ्याची उंची

त्या आल्या तेव्हा सुपीरियर सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला होता.
डॉक्टर ग्वेनडा प्रुएट.
बूट दाराशी काढले, मोजे ओले झालेले.
मला ते बरं वाटलं.
टेबलावर टेपरेकॉर्डर, छापील फॉर्म, बावीस पानं.
म्हणाल्या, मिसेस लेपानेन, सावकाश होऊ द्या.
सावकाशच आहे सगळं. ताइस्तो एकोणीस वर्षं आत आहे
आणि ज्यांच्या लेकी गेल्या ती माणसं
अजून दर ऑक्टोबरला फाटकाशी मेणबत्त्या लावून जातात,
माझ्या फाटकाशी,
कारण तुरुंग लांब पडतो.

लहानपणी डोक्याला मार?
हो. सातव्या वर्षी घसरगाडीवरून, चार टाके.
मलाही तीन आहेत, हे बघा, भांगात.
त्यांनी त्याचेच लिहून घेतले.

अंथरूण ओलं करायचा?
करायचा. आई चादर पुढच्या दोरीवर टाकायची.
जानेवारीत ती पत्र्यासारखी ताठ व्हायची
आणि शाळेची बस तिथेच वळायची.

प्राण्यांचा छळ?
नाही.
पेन क्षणभर थांबलं, जणू चुकीच्या घरी आलं होतं.
नाही हो. उलट, वडील ट्राउट चिरायला बसले
की हा माशाच्या डोळ्यावर बोट धरायचा.
म्हणायचा, याला दिसायला नको.
याला फॉर्ममध्ये चौकट नव्हती. समासात लिहिलं त्यांनी.
आणि कोर्टात जे सांगितलं होतं,
सहाही जणींच्या डोळ्यांवर काय ठेवलेलं सापडलं,
ते मी त्या समासाला जोडून दाखवलं नाही.
त्या शिकलेल्या आहेत. त्यांचं त्यांना दिसेल.
किंवा दिसू नये.

मी म्हटलं, एका ताटात जेवलो आम्ही, एकाच पट्ट्याचे वळ.
मी एकतीस वर्षं पोस्टात तिकिटं विकली,
कुणाच्या वाटेला गेले नाही.
त्या म्हणाल्या, तेच तर समजून घ्यायचंय.
मग माझा फॉर्म कुठाय?

कॉफी ओतली. त्यांनी पान उलटलं.
कोंडून ठेवायचे का?
मागच्या अंगणात धुरीची खोली होती, मासे टांगायची.
हिवाळ्यात रिकामी. चादर ओली झाली
की दुसऱ्या रात्री ताइस्तो तिथे.
तो रडायचा नाही. आजीनं शिकवलेले आकडे मोठ्यानं मोजायचा,
युक्सी, काक्सी, कोल्मे,
फळीच्या भिंतीतून माझ्या उशीपर्यंत यायचे.
एकदा चारशे बारापर्यंत ऐकले.
मग झोप लागली.
मला.

घरातल्या कुणा मोठ्यानं थांबवायचा प्रयत्न?
आईनं मिठाची गुळणी धरलेली. आजी तोवर गेलेली.
मी विचारलं, अकरा वर्षांची मुलगी मोठ्यांत धरतात?
नाही, त्या म्हणाल्या, फार मऊ आवाजात,
आणि 'नाही'वर खूण केली.
दोन वेगळे नाही होते ते. खूण एकच.

जाताना म्हणाल्या, तुमचा यात काही दोष नाही.
असं सगळ्यांना म्हणत असतील. म्हणावंच लागत असेल.
ओले मोजे तसेच बुटात कोंबले.

त्यांची गाडी वळल्यावर मी मागे गेले.
छप्पर बसलंय, दाराची चौकट उभी आहे,
चौकटीत किल्लीचा खिळा.
शिवणाची फीत नेली होती.
जमिनीपासून चार फूट दहा इंच.
माझं शाळेचं प्रगतिपुस्तक मी जपून ठेवलंय,
पाचवी, उंची: चार फूट आठ.

दोन इंच.
टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नसत्या.

फीत गुंडाळता गुंडाळता
मी आकडे मोजत होते, हे उशिरा लक्षात आलं.
कुठवर आले होते कोण जाणे. पुन्हा पहिल्यापासून धरले.