अर्धं ऐकू येतं

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये माणसाला अर्धंच ऐकू येतं.
डोकं वर: "...पाय आवळ, ढम..."
डोकं खाली: हिरवट, जड शांतता.
डोकं वर: "...रे, कोपरं बघ..."
बारा वर्षांत पाण्यात असताना
अत्तरदे सरांच्या तोंडून
माझं आडनाव मी एकदाही सलग ऐकलं नाही.

माझी पावलं जन्मतःच बाहेर वळलेली.
आई म्हणायची, फेंगडी आहे, हिला कोण करून घेणार.
सरांनी घोटे धरून ती फिरवून पाहिली,
मंडईत वांगं फिरवावं तशी, कीड शोधत,
आणि बाबांना म्हणाले,
हिला सोडू नका.

बाबा पीएमटीत कंडक्टर, पहिली पाळी पावणेसहाची.
त्याआधी लूनावरून मला टिळक टँकवर टाकायचे.
डिसेंबरात पाण्यावर वाफ. पाणी गरम असेल
असं वाटायचं लांबून.
डब्यातल्या पोळीला क्लोरीनचा वास,
केस तांब्याच्या तारेसारखे,
आणि वर्गातली पोरं: बेडूक, ए बेडूक.
होतेच. त्यात काय.

एक चोवीस. एक एकवीस.
मग एक अठरा पॉइंट सहा,
आणि तिथे दोन वर्षं दार बंद.
सेकंदाचे शंभर तुकडे असतात हे मला
भूमितीच्या आधी कळलं.
त्यातले चाळीस मी उशीखाली घेऊन झोपायचे.

बालेवाडीची फायनल. पाचवी लेन.
शेवटचे पंधरा मीटर, डोकं वर,
आणि कडेवरून आलं:
"...को!"

बघू नको?
घाई करू नको? थांबू नको? भिऊ नको?
मराठीत किती गोष्टी नको असतात.
मी विचार केला. एवढाच गुन्हा.
हाताचा अर्धा फेरा जास्त घेतला,
डावा हात भिंतीला लागला,
उजवा मागून, पाहुण्यासारखा.

पंचांनी हात वर केला.
बोर्डावर माझी वेळ आली, एक सोळा पॉइंट नऊ,
मी ती वाचली, पूर्ण वाचली,
आणि मग तिथे दोन अक्षरं राहिली: डी क्यू.

गुडघा त्यानंतर गेला. आतल्या बाजूचं लिगामेंट.
ही किक तिथूनच वसूल करते सगळं.
स्पोर्ट्स कोट्यातून पोस्टात लागले.
खिडकीवर पाटी आहे: स्पीड पोस्ट.
कुणी हसत नाही, मीच हसते.

सरांना विचारायला अकरा वर्षं घेतली.
कर्वेनगरच्या त्यांच्या गॅलरीत, नळी नाकात,
मी विचारलं, सर, त्या दिवशी काय ओरडलात?
ते बराच वेळ कुंडीकडे बघत राहिले.
"मी? अगं, मी ओरडलोच नाही.
शेवटच्या लॅपला मी डोळे मिटून उभा होतो."

लिफ्ट बंद होती. चार मजले
गुडघा धरून उतरले.

आता संध्याकाळी सहानंतर काठावर मी असते.
ओवी लडकत, वय अकरा, पावलं बाहेर वळलेली.
तिची आई दबकत विचारते, मॅडम, ऑपरेशन करावं लागेल का?

ओवी शेवटच्या पंधरात आली की
माझ्या घशात सगळं येतं,
कोपर, घोटा, मान, श्वास, सगळी नको नको.
ते गिळते.
ती वर येते, तोंड उघडं, गॉगलवर दिव्याचा ठिपका,
आणि मी म्हणते, ये.
एकच अक्षर. मधोमध फुटत नाही.

ती खाली जाते.
ऐकलं की नाही, कळत नाही.
स्टॉपवॉच दाबायचं राहून जातं पुन्हा,
आणि ती विचारते, मॅडम, किती?