सार

पहाटे साडेतीन. वसमतचं मार्केट यार्ड.
काट्यावर वजन येतं, पावती येत नाही.
हळदीच्या गाड्यांची लाईन पार पेट्रोल पंपापर्यंत,
आणि पत्र्याच्या खोलीत
मी आणि सर्व्हर, दोघंही तापलेले.

देशमाने नोकरी सोडून पुण्याला गेले तेव्हा
वर्डच्या फाइलमध्ये एक कमांड ठेवून गेले.
‘मशीन अडलं की हे चालव, सगळं कळतं.’
सार. मग आडवी रेघ. मग डी.
मी उचलली, चिकटवली, एंटर मारलं.

मशीननं सार सांगितलंच नाही.
वापरायची रीत सांगितली:
चौकोनी कंसांची उतरंड,
मानपान चुकलेल्या मामासारखी
तीच यादी, पुन्हा पुन्हा.
मॅन्युअल उघडलं. डी आहे.
व्हर्जन पाहिलं. त्यातही डी आहे.
मग ओळख का देत नाहीस, बाबा?

सटवाजी मापाडी चहा घेऊन आला.
इंग्रजी अक्षरांशी त्याचा संबंध
पोत्यावरच्या छापापुरता,
पण डोळा तीस वर्षं हळकुंडं निवडलेला.
पडद्यावर वर मॅन्युअलातली रेघ, खाली माझी.
‘ताई, ही कांडी लांब हाय वो.
ह्या ढिगातली न्हाई ती.’

खरंच की.
वर्डनं आपला शहाणपणा करून
आखूड रेघेची लांब केलेली,
तिळाएवढी.
पुसली. हातानं टाइप केली.
पिवळं बोट, पिवळी कळ.

आकडे धबाधबा उतरले.
डिस्क शंभर टक्के गुंतलेली,
प्रोसेसर नुसता बसून,
काटेवाल्यांसारखा.

तेव्हा मागचा आठवडा आठवला.
लहान बीच्या जागी मी मोठा बी दाबला होता.
मशीन चिडलं नाही, यादी वाचली नाही,
मुकाट्यानं भलतंच उत्तर दिलं,
आणि मी त्यावरून मेमरी वाढवायचा अर्ज केला.
सभापतींनी मंजूरही केला,
पेढा दिला वर.
कुणाला सांगू आता?

डिस्क धरून बसलेला बॅकअप निघाला,
रोज रात्री तीनचा,
देशमान्यांच्याच नावानं लावलेला.
सीझनला यार्ड तीनलाच उघडतं,
हे त्यांना माहीत होतं की नव्हतं.
फोन लावला. उचलला नाही.
बॅकअप थांबवला.

बाहेर प्रिंटर खरखरला.
एक्केचाळीस क्विंटल वीस किलो,
सटवाजीनं ओरडून वाचलं,
जणू पोरगं पास झालं.

चहा केव्हाच निवलेला.
वर हळदीच्या धुळीची
पातळ साय.