दोनदा टांगून

लाऊथच्या बाहेर, बीटच्या शेतांमधल्या पत्र्याच्या कोठारात
क्लाइव्ह ऑटवे स्वतःला टांगून घेतोय.
म्हणजे विमानासकट. विमान तरी कसलं,
एक खुर्ची, पाठीशी इंजिन, तीन चाकं,
डोक्यावर भिरभिरं.
भिरभिऱ्याची पाती उतरवून लाकडी घोड्यांवर ठेवली आहेत.
उरलेलं सगळं साखळीला,
बाजारात काट्याला पोतं लावतात तसं.

मागच्या साली तो शहाऐंशी किलो होता.
आता बहात्तर.
चौदा किलो कुठे गेले
ते मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक आहे,
लिंकनच्या हॉस्पिटलातल्या नर्सला ठाऊक आहे.
"परत काढावा लागेल," एवढंच म्हणाला फोनवर.
काय, ते म्हणाला नाही.
गुरुत्वमध्य, मी माझ्याशी म्हटलं,
तीस वर्षांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला.

टाकी अर्धी. बूट पायात. हेल्मेट डोक्यावर.
"खिशातल्या चाव्या काढ."
"उडताना असतात."
मग राहू दे.

ओळंबा माझा.
बाबांचा खरं तर, ते इस्लामपूरला गवंडी होते.
पितळी, टोकाशी झिजलेला.
हीथ्रोवर साहेबाने बॅगेतून उचलून विचारलं होतं,
हे हत्यार आहे का?
हो, म्हटलं मी. वाकड्या भिंतींवरचं.

नववीत केलाय की हा प्रयोग.
पुठ्ठ्याचा वेडावाकडा तुकडा, टाचणी, दोरा.
एका भोकातून टांगा, रेघ मारा,
दुसऱ्या भोकातून टांगा, रेघ मारा,
रेघा जिथे भेटतील तिथे बोट.
सगळ्यांनी काहीबाही कापलं, मी महाराष्ट्र कापला;
बीड-जालन्याच्या मध्ये कुठेतरी
तो बोटावर राहिला, क्षणभर,
मग कोकणाच्या बाजूने पडला.

पण पुठ्ठा श्वास घेत नव्हता.
हा घेतो, आणि दोरा हलतो.
ओळंबा पाण्याच्या बादलीत सोडला तरी हलतो.
दारं लावून घेतली आहेत, वारा नाही,
हा थरथराट त्याच्या हातांचा आहे.
मी पेन्सिल धरून उभी. घाई नाही, म्हणते.
तो श्वास रोखतो.
बाजूला बांधलेल्या प्लायवूडवर पहिली रेघ.

दुसऱ्यांदा पुढच्या कडीला टांगला.
नाक वर, तो जवळजवळ उताणा,
तोंड आढ्याकडे.
"पाच आहेत," म्हणाला.
काय पाच?
"पाकोळीची पिल्लं."
हलू नकोस.

दुसरी रेघ पहिलीला भेटली
पूर्वीच्या फुलीपासून दोन बोटं मागे
आणि बोटभर खाली.
लाल पट्टीखाली गेली म्हणजे.
पंख्याचा रेटा त्या पट्टीवरून जातो;
मध्य त्याखाली उतरला
तर पंखा वरून ढकलणार, नाक खाली जाणार,
आणि तिथली कोलांटी
कुणी पुरी करून उठत नाही.

"चौदा किलोंना बोटभर," तो म्हणाला.
"स्वस्तात पडलं."

खुर्ची उचलायची, नाकात शिसं भरायचं,
वहीत लिहिलं.
तिसरा उपाय लिहिला नाही,
जेवायचं.

"पण आहे कुठे तो?" त्याने विचारलं.
प्लायवूड सोडून पाहिलं.
तिथे नळी नाही, बोल्ट नाही, काहीच नाही.
खुर्चीची पाठ आणि टाकी यांच्यामधली
हात जाईल एवढी फट.
मी हात घातला. "इथे."
कॅनव्हासमधून बोटांच्या मागच्या पेरांना
त्याचा मणका लागला,
एक एक मोजता येईल असा.
तो काही बोलला नाही. मीही हात लगेच काढला नाही.

"उतरवू?"
"आधी दार उघड," म्हणाला,
"आई बाहेर ताटकळली असेल त्यांची."

उघडलं.
पाकोळी माझ्या कानाजवळून आत गेली,
मागोमाग वारा,
आणि क्लाइव्ह साखळीला हळूहळू
फिरू लागला, पायांतले बूट जुळवून,
आढ्याकडे बघत.