पुठ्ठ्यावरची नोंद

गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
मॉरिस मायनर, शेवाळी रंगाची,
किथलीच्या उतारावर नाक खाली घालून उभी.
तिच्या पोटाखाली मी वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवते
आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, वाचते.
चौतीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये
काचपट्टीवर लोकांचं रक्त मोजलं,
हात अजून मोजायचे थांबत नाहीत.
पेन्सिलीनं लिहिते. सोमवार : अकरा थेंब.
मंगळवार : चौदा.
बुधवारी पाऊस, थेंबांना कडाच उरली नाही.

समोरच्या घरातून ग्लेनिस अटली आली,
एक्क्याऐंशी वर्षांची, पायात मुलाचे बूट.
बस डेपोत फिटर होती,
तिथल्या बाकी बायका तिकिटं फाडायच्या तेव्हा.
वाकली नाही. नुसतं हुंगलं.
"रडतेय ही, लव."

मी म्हटलं, आमच्याकडे याला एक शब्द पुरत नाही.
छप्पर गळतं, नळ ठिबकतो,
भिंतीत ओल झिरपते, माठ पाझरतो.
तिनं एकेक तोंडात घोळवून पाहिला
आणि पाझर तेवढा ठेवून घेतला.
"पॅझा" म्हणते.

मग इंजिनाला आंघोळ. रॉकेल, दातांचा जुना ब्रश,
कोपरान् कोपरा.
कोरडं पुसून तिनं वर टाल्कम पावडर भुरभुरली,
न्हाऊ घातलेल्या बाळाला लावावी तशी,
मानेखाली, काखेत.
"चालू कर. आता ती स्वतःच सांगेल."
पंधराव्या मिनिटाला पांढऱ्यावर एक काळी रेघ उतरली,
बाजूच्या झाकणाखालून, अगदी सावकाश.

झाकण काढलं तर मधे खोलगट.
आधीच्या कुणीतरी गळती थांबावी म्हणून आवळलं,
थांबेना म्हणून आणखी आवळलं,
पत्र्याची वाटी होईपर्यंत.
ग्लेनिसनं ते पायरीवर उपडं घालून ठोकलं, सरळ केलं.
बुचाचं गॅस्केट रात्रभर कोमट पाण्यात,
माझ्या मटकीच्या शेजारी.
तेल काढायला कणकेची परात गेली.
गेली म्हणजे गेलीच,
तो वास चिंचेलाही बधत नाही.

नवं बूच, सरळ झाकण,
बोटांच्या जोरावर बसवलेले नट.
गुरुवार : सोळा थेंब.

मी पायरीवर बसले.
ग्लेनिसनं एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.
मग इंजिनाच्या अंगातून निघणारी बारकी नळी उपटून
तिनं फुंकर मारली.
फुंकर परत तिच्याच तोंडावर आली.
तारेनं खरवडलं तेव्हा निघालं
करपलेल्या खव्यासारखं काहीतरी,
किती वर्षांचं कोण जाणे.
"श्वासच बंद होता. आत कोंडलेलं कुठून तरी निघणारच.
तू फटी बुजवत बसलीस."
आणि नळी पुसता पुसता :
"मीच तुला बसवलं म्हणा."

शुक्रवार : एक.

एकच, पण ठरल्या जागी, मागच्या टोकाला.
तिथे कारखान्यानं सील बसवलंच नव्हतं,
दांड्यावर नुसता उलटा आटा कोरलेला,
फिरत्या तेलाला मागे फिर म्हणणारा.
गाडी चालू असेपर्यंत तेल ऐकतं.
उभी राहिली, की नाही.
मी विचारलं, हाही थांबेल का?
"इंजिन उतरवावं लागेल," ती म्हणाली,
आणि पुठ्ठ्याकडे पाहून,
"मग सकाळी करशील काय?"

शनिवारी आम्ही स्किप्टनला गेलो, पाय खायला.
चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कुणीतरी कण्हलं,
गाडी की ग्लेनिस, मी विचारलं नाही.
परत आलो तेव्हा तिच्या कोटावर पायचा चुरा,
आणि पार्किंगमध्ये, बॉनेटवर एक हात टेकून,
ती पहिल्यांदा वाकली.
बराच वेळ खाली बघत राहिली.
"आहे," म्हणाली.

मी पर्समधून पेन्सिल काढली.
पुठ्ठा घरी राहिला होता.